पहिली रायफल



या व्यासपीठावर आम्हांला बोलावणे आले तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी आम्ही बोलू, अशी चालकांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला आणि चिटणीसांनी जरा बिचकतच विचारले, "रायफल? आणि युनियनवाल्याने?" त्यांची भीती आम्ही तिथल्या तिथे घालवली. आपल्यालाही सांगून टाकतो. पन्नास मीटरांवर एक कागद लावायचा. त्यावर पुरीएवढे काळे वर्तुळ, त्याच्या मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढे, म्हणजे १०.४ मिलिमीटर व्यासाचे, दहा गुणांचे वर्तुळ. तेथे शिशाची गोळी नेऊन बसवायची. शिकार नाही, स्वसंरक्षण नाही, कोणावर रोख नाही. रविवारची सकाळ आम्ही गेली अकरा वर्षे या छंदात घालवत आलो आहोत, आणि बैठकांतून आलेली डोकेदुखी घालवायला याहून चांगला उपाय आम्हांला सापडलेला नाही.

२०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशी ती तीन आसने. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला पदक आणले, त्यानंतर महाराष्ट्रातल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे जावी लागली. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला याच पन्नास मीटरांवर, पालथ्या आसनात, जागतिक विजेतेपद मिळवले होते. पण पॅरिसची गोष्ट आमच्या वस्तीत फार खोल गेली. कारण तो मुलगा त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. म्हणजे आपल्यातला. दुसऱ्याच आठवड्यापासून आमच्या कचेरीत माणसे येऊ लागली : "साहेब, पोराला रायफल घ्यायची आहे. कोणती घ्यावी?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिलेले आहे. ते आधी सांगतो.

आमच्या युनियनमधल्या एका फिटरची मुलगी कॉलेजात एनसीसीत होती. तेथल्या .२२ डिलक्स रायफलीवर पंचवीस यार्डांवर तिचा नेम चांगला बसे. पुढे तिला नोकरी लागली, क्लबात जाऊ लागली, परवानाही झाला. बापाने कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढले आणि रायफल पसंत करायला आम्हांला बरोबर नेले. का, तर आम्ही एके काळचे टर्नर, आम्हांला लोखंडातले कळते. आम्ही लोखंड पाहिले. काळीशार लांब नळी, वर दुर्बीण, दहा काडतुसांचे मॅगझिन, अक्रोडाचा चकचकीत दस्ता. दुकानदार म्हणाला, "सवय झाली की हातात बसेल." आम्ही मान डोलावली. मुलगी उंचीने पाच फूट एक इंच. दस्ता खांद्याला लावला की तिचे बोट चापापर्यंत जेमतेम पोचे, आणि दुर्बिणीत डोळा घालायचा तर गाल दस्त्यावरून उचलावा लागे. सहा महिन्यांत तिची मान धरली आणि गुण एनसीसीतल्यापेक्षा खाली आले. रायफल म्हणजे काही सायकल नव्हे की पाटी लावून विकली; घेणाऱ्याकडे परवाना हवा, विकण्याआधी सरकारी अधिकाऱ्याला कळवायला हवे. गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. पतपेढीचे हप्ते मात्र दर महिन्याला पगारातून कापले जात होते, आणि पगाराच्या दिवशी तो फिटर आम्हांला भेटला की आम्हीच नजर चुकवत असू. त्याने कधी शब्दाने बोलून दाखवले नाही.

त्या दोन वर्षांत आम्ही हा विषय खऱ्या अर्थाने शिकलो. जे शिकलो ते पुढे मांडतो.

प्रथम काडतूस समजून घेऊ. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टोपी असते आणि टाचणी तिच्यावर आदळते. .२२च्या काडतुसाला अशी टोपी नसते. त्याच्या बुडाची कडा दुमडलेली असते आणि त्या दुमडीच्या पोकळीत, दिवाळीतल्या टिकलीसारखा, ठोक्याने पेटणारा मसाला भरलेला असतो. टाचणी त्या कडेला चेमटवते, मसाला पेटतो, दारू पेटते, गोळी सुटते. म्हणूनच याला रिमफायर म्हणजे कडेवर उडणारे काडतूस म्हणतात. पॅरिसच्या फ्लोबेर याने १८४५च्या सुमारास घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजी खेळता यावी म्हणून अशा जातीचे काडतूस काढले; १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी त्याचे .२२ शॉर्ट केले. आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने काढलेले.२२ लाँग रायफल तेच आजही जगभर चालते. कडा चेमटवता यावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, पातळ पत्र्याला फार दाब सोसत नाही, आणि म्हणून हे काडतूस मवाळ राहिले. धक्का जवळजवळ नाही. बारा तास उभ्याने पाळी केलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी शंभर गोळ्या सोडता येतात. पण मवाळ म्हणजे खेळणे नव्हे. ही चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमांहून किंचित जास्त वजनाची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. मागे मातीचा भक्कम बांध नसेल तेथे रायफल पिशवीतून काढायचीच नाही.

नेमबाजीच्या काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर धावते, आवाजाच्या वेगापेक्षा थोडी कमी. त्याच दुकानात "हाय व्हेलॉसिटी"ची खोकीही मिळतात आणि नवशिक्याला वाटते की जास्त वेग तो बरा. ती गोळी आवाजाच्या वेगापुढे निघते खरी, पण वाटेत मंदावून पुन्हा त्या वेगाखाली येते आणि त्या उतरणीत डळमळते. सबब नेमासाठी संथ गोळीच घ्यावी. संथ असल्याचा एक जाचही आहे, आणि तोच खरा मास्तर. चाप सुटल्यावर गोळी नळीतून बाहेर पडायला जो क्षणाचा भाग लागतो तो इथे मोठ्या रायफलीपेक्षा जास्त. तेवढ्यात तुम्ही मान वर केलीत, "लागली का?" म्हणून डोकावलात, की गोळी तुमच्याबरोबर हलते. सुतार रंधा मारताना फळी संपल्यावरही हात पुढे नेतो, तसे इथे गोळी गेल्यावरही एक श्वास नेम धरून राहावे लागते.

आता बोल्ट. जुन्या वाड्याच्या दाराला आडवी कडी असते; मूठ उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. बोल्ट रायफलीची रचना हीच. गोळी उडताना आत काहीही हलत नाही, सगळे घट्ट अडकलेले असते, आणि नेम हलत्या भागांपेक्षा स्थिर भागांवर बरा बसतो. शिवाय बोल्ट मागे ओढून ठेवला की रायफल रिकामी आहे हे शेजारच्याला लांबून दिसते. आपोआप भरणाऱ्या रायफली असतात, पण पहिल्या शिक्षणाला त्या नकोत. प्रत्येक गोळीमागे हाताने कडी लावावी लागली की माणूस दोन गोळ्यांमध्ये विचार करतो. त्याच कारणासाठी एकेक गोळी भरायची, मॅगझिन नसलेली रायफल मिळाली तर आम्ही ती आधी पाहू. स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या रायफली बहुधा तशाच असतात.

निवडीला लागताना रायफलीच्या आधी माणसाची मापे घ्यावीत. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याची टाच कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर आले पाहिजे. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. नेमाच्या भोकातून सरळ दिसले तर दस्ता तुमचा. मान ताणावी किंवा चेंगरावी लागली तर तो दुसऱ्या कोणाचा. हल्ली लांबी आणि गालाची उंची कमी-जास्त करता येणारे दस्ते मिळतात. घरात दोघेतिघे वापरणार असतील तर त्याला जास्तीचे पैसे देणे वावगे नाही. लाकडी दस्ता लांब असेल तर चांगला सुतार तो कापूनही देतो. आखूड मात्र लाकडाचे ठोकळे लावून वाढवावा लागतो, आणि ते ध्यान फारसे शोभत नाही. डावखुऱ्याने डाव्या बोल्टचा आग्रह धरावा. आणि हात कोणताही असो, डोळा कोणता पुढारी आहे ते आधी तपासावे : दोन्ही हातांच्या पंजांनी छोटी खिडकी करून दोन्ही डोळ्यांनी लांबचा दिवा पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो तुमचा नेमाचा डोळा.

वजनाबद्दल बरेच गैरसमज आहेत. हलकी शिकारी घाटाची .२२ अडीच-तीन किलोंची असते. स्पर्धेची पाच-सहा किलोंची आणि त्याहूनही जड. जड रायफल स्थिर राहते हे खरे, पण जो उचलून दमतो त्याच्या हातात ती थरथरते. सुरुवातीला साडेतीन ते साडेचार किलो ठीक. लांब नळीचेही असेच. .२२ची दारू सोळा-सतरा इंचांत जळून जाते. पुढची नळी गोळीला वेग देत नाही, उलट किंचित घासते. लांब नळीचा उपयोग एवढाच की उघड्या नेमात पुढची माशी आणि मागचे भोक यांत अंतर वाढते आणि चूक लवकर दिसते. दुर्बीण लावणार असाल तर तोही उपयोग संपला.

दुर्बीण की भोकाचा नेम? कागदावर खेळायचे आणि पुढे स्पर्धेचा विचार असेल तर भोकाचा. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. भोकातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो, ही निसर्गाने फुकट दिलेली सोय आहे. मात्र पन्नाशीतल्या आमच्यासारख्यांना, ज्यांना माशी पुसट दिसते, त्यांनी हौसेपुरती दुर्बीण लावायला लाजू नये. ती रिमफायरसाठी बनवलेली पाहा. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांवर जुळवलेल्या असतात, आणि जवळच्या लक्ष्यावर डोळा जरा हलला की नेमाची फुलीही हलते.

चाप काचेची काडी मोडावी तसा सुटावा. किती वजनावर सुटतो यापेक्षा तो दर वेळी एकाच जागी, न घसटता सुटतो की नाही हे महत्त्वाचे. एक ते दीड किलो पहिल्या रायफलीला पुष्कळ झाले. अगदी हलका चाप नवशिक्याच्या हाती देणे म्हणजे आगपेटीशी खेळ. मात्र जुनी .२२ हाती घेऊन रिकामा चाप ओढत बसू नका. कडेवर मारणारी टाचणी, काडतूस नसेल तर, नळीच्या तोंडाच्या पोलादावरच आदळू शकते आणि तेथे खळगा पाडते. ओढून पाहायचाच तर वापरलेली रिकामी पुंगळी आत घालून, तीही दर वेळी फिरवून, आणि रोख बांधाकडे ठेवून.

आपल्याकडे पहिली रायफल बहुधा जुनी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. गेल्या शतकाच्या नव्वदीच्या आधीपासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. ती सवलत नामांकित आणि होतकरू नेमबाजांना ठरावीक मार्गाने मिळते. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने .२२ बनवलेली आहे. बाकी हाताहातांतून फिरणारा माल म्हणजे बर्मिंगहॅमची बीएसए, चेकोस्लोव्हाकियाची ब्रुनो, अमेरिकेची विंचेस्टर, आणि नशीब जोरावर असेल तर जर्मनीतल्या उल्मची अँशुट्झ. यांतल्या काही साठ-सत्तर वर्षांच्या असतात. त्याने बिचकू नये. .२२ची गोळी मऊ शिशाची, मेणाचा हात फिरवलेली. तिने नळी झिजायला पिढ्या लागतात. नळी मरते ती गंजाने आणि साफ करणाऱ्याच्या अडाणीपणाने.

येथे मात्र आमचा टर्नरचा डोळा उपयोगी पडला. बोल्ट काढा आणि नळी उजेडाकडे धरून मागून पाहा. आतले पीळ आरशासारखे वळत गेलेले दिसावेत. मधेच अंगठीसारखी काळी सावली दिसली तर तेथे नळी फुगली आहे. कधी तरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी सोडली गेली असावी. ती रायफल फुकट मिळाली तरी नको. नंतर नळीचे टोक. गोळी तिथून शेवटचा निरोप घेते, आणि त्या कडेवर एका बाजूला ओरखडा असला तर गोळी दर वेळी त्या बाजूला हिसका खाते. पुढून साफसफाईची सळई घालणाऱ्यांनी हे टोक घासून ठेवलेले असते. एवढा दोष मात्र चांगला कारागीर टोक पुन्हा कापून काढू शकतो. मग काडतूस बसते त्या जागेची कड, तेथे टाचणीचा खळगा आहे का. बोल्टवरचे हुक झिजले आहे का. आणि स्क्रूंची तोंडे. तोंडे चावलेली दिसली तर समजा, हौशी माणसाने घरी उघडली आहे. आम्ही कारखान्यात यंत्राची पाहणी करायला गेलो की आधी स्क्रूच पाहत असू. किनाऱ्याकडची रायफल असेल तर दस्त्यापासून नळी सुटी करून खालची बाजू पाहिल्यावाचून घेऊ नये. वरून तेल पुसलेले असते, आणि लाकडाखाली पावसाळ्यांचा गंज बसलेला असतो.

एवढे पाहून झाले की मालकाला म्हणावे, आता क्लबाच्या रेंजवर तुमच्या देखत दहा गोळ्या मारून पाहू. वाळूच्या पिशवीवर टेकवून, पन्नास मीटरांवर. पहिल्या पाच-सहा मोजू नका. काडतुसाचा प्रकार बदलला की नळीला नव्या मेणाची सवय व्हावी लागते. नंतरच्या दहा जुन्या पाच पैशांच्या नाण्याएवढ्या जागेत आल्या तर पहिल्या रायफलीकडून याहून जास्त काही मागू नये. न आल्या तर काडतूस बदलून पाहा. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर बनलेल्या दोन नळ्यांनाही वेगवेगळी खोकी मानवतात. का, ते अनुभवी माणसेही एका वाक्यात सांगू शकत नाहीत. आणि वारा विसरू नका. झाडाची पाने हलवणारा आडवा वारा या हलक्या गोळीला पन्नास मीटरांत दोन सेंटिमीटर सहज ढकलतो; म्हणजे दहाच्या वर्तुळाची दोन वेळा बाहेर. त्याचा दोष कित्येकदा रायफलीवर टाकला जातो.

पैशाचे गणित आम्ही पतपेढीच्या हिशेबाने मांडतो. जमवलेल्या रकमेतली निम्मीच रायफलीवर घालावी. उरलेली काडतुसे, रेंजची फी, कानाचे संरक्षण, कुलूपबंद कपाट आणि चामड्याचा पट्टा यांत जाते. भारी रायफल घेऊन महिन्याला वीस गोळ्या सोडणारा, साध्या रायफलीने आठवड्याला साठ सोडणाऱ्याच्या कायम मागे राहतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पहिले वर्ष रायफल न घेणे. बहुतेक क्लबांच्या स्वतःच्या रायफली असतात. त्या हाताळल्या म्हणजे आपल्याला काय हवे ते आपल्या खांद्यालाच कळते. चार जणांनी एक हत्यार वापरणे कमीपणाचे मानू नये. आम्ही चाळीतल्या नळावर वाढलो आहोत.

कायद्याची चार वाक्ये. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे नियम यांखाली .२२ला परवाना लागतो. तो जिल्हा दंडाधिकारी किंवा शहरात पोलीस आयुक्त देतात. २१ वर्षे पुरी झाल्यावाचून स्वतःच्या नावावर शस्त्र ठेवता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणून अविचाराने घेतलेली पहिली रायफल ही निम्मी जागा अडवून बसते. संघटित नेमबाजीसाठी राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ साली निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, हे कळल्यावर आम्हांला मोठी गंमत वाटली. सभागृहात लोकांना शांत बसवणाऱ्या माणसाला हा शांततेचा खेळ आवडावा यात नवल नाही.

त्या फिटरच्या मुलीचे पुढे काय झाले असे विचाराल. मोठी रायफल विकली गेल्यावर तिने क्लबातल्या एका निवृत्त सभासदाची एकगोळी जर्मन .२२ घेतली, दस्त्यावर ओरखडे, दुर्बीण नाही. कर्ज काढले नाही. दस्ता दीड इंच कापून घेतला. या वेळी आम्हांला बरोबर नेले नव्हते.

व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी उभे राहून विचारले, "माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याने एकविसाव्या वर्षापर्यंत काय करावे?" आम्ही म्हटले, ४.५ मिलिमीटर छर्‍याच्या हवेच्या रायफलीवर दहा मीटरांवर सुरुवात करावी. साध्या, कमी जोराच्या अशा रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. तिच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. क्लबात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली .२२ही शिकता येते. रविवारी सकाळी साडेसातला त्याला घेऊन या, आणि पोटभर नाश्ता करून आणा. उपाशी पोटी हात थरथरतो.